हिलालने काय सांगितलं नाही

माणूस आपणहून काही सांगायला आला की मी आधी त्याच्या हाताकडे बघतो, मग पायाकडे, आणि तो उठून गेला की कुठल्या वाटेने गेला तेही बघतो. ही सवय माझ्या बायकोला, प्रमिलेला, आवडत नाही. पण बासष्ट वर्षांत मला कुणी टोपी घातलेली नाही, हे मी छातीठोकपणे सांगतो. म्हणून माघात एका सकाळी शेजारच्या वावरातला हिलाल आमच्या ओट्यावर येऊन बसला आणि चहा यायच्या आत म्हणाला, की आबा, तुमच्या डोंगळ्यांसाठी माझ्या मधमाश्यांच्या दोन पेट्या ठेवतो, तेव्हा मी लगेच सावध झालो.

आधी डोंगळ्यांचं सांगतो. आमच्या पारोळ्याकडच्या गावात कांदा सगळेच लावतात, पण बी दुकानातून आणतात. आमच्या घरात चार पिढ्या बी घरचंच. निवडलेले कांदे दिवाळीनंतर पुन्हा जमिनीत लावायचे, त्यांना कमरेएवढे दांडे फुटतात, दांड्याच्या टोकाला पांढऱ्या फुलांचा गोंडा येतो, तो डोंगळा. त्या गोंड्यात काळं बी भरतं. आमचा कांदा फिकट लाल, मानेला बारीक, साठवणीच्या चाळीत दिवाळीपर्यंत कोंब न काढता पडून राहणारा. माझ्या आजोबांनी तो निवडून निवडून तयार केला. आता कांद्याचं बी धान्यासारखं वर्षानुवर्षं ठेवता येत नाही, एका पावसाळ्यानंतर ते रुजेनासं होतं. दोन वर्षांपूर्वी आमचे निम्मे गोंडे पोचट निघाले आणि गेल्या वर्षी सगळेच. घरात शेवटचे बियाण्याचे कांदे होते ते यंदा दोन गुंठ्यांत लावले होते. यंदा बी भरलं नाही तर आजोबांचा कांदा या जगातून गेला, आणि तो माझ्या हातून गेला.

गोंडे पोचट का निघतात ते मला ठाऊक होतं. माश्या राहिल्या नाहीत. पूर्वी विहिरीच्या कपारीत, बाभळीवर पोळी असायची, आता शिवारभर फवारणीचे पंप चालतात. तेव्हा हिलालच्या पेट्या मला हव्याच होत्या. पण हव्या असलेली वस्तू कुणी न मागता दारात आणून ठेवली की माझं डोकं चालायला लागतं.

त्यातून तो हिलाल. सहा वर्षांपूर्वी हाच हिलाल आमच्याकडे डोंगळे शिकायला आला होता. मी त्याला ओट्यावर बसवून दोन तास सांगितलं. कांदा कसा निवडायचा, वरून किती कापायचा, दोन कांद्यांत अंतर किती, पाणी कधी तोडायचं, सगळं. फक्त एक गोष्ट पोटात ठेवली. फुलं उमललेली असताना फवारा मारायचा नाही, हे सांगितलं नाही. मारला की माश्या मरतात आणि गोंडा रिकामा राहतो. हिलालने पिकावर कीड दिसली म्हणून भर फुलात दोनदा फवारा मारला. त्याचे डोंगळे मी बांधावरून बघितले होते. वाऱ्यावर डुलत होते, आणि आत काही नव्हतं.

यात माझं काही चुकलं असं मला तेव्हा वाटलं नाही. आमच्या घराची ही रीतच आहे. बाप म्हणायचा, सगळं सांगून मोकळं झालं की माणूस पुन्हा दारात येत नाही. आई तशीच होती आणि प्रमिला या घरात येऊन तशीच झाली. तिचे बिबडे, म्हणजे ज्वारीचे पापड, सगळ्या भाऊबंदांत नावाजलेले, पण ज्वारी किती दिवस भिजवायची हे तिने सख्ख्या बहिणीला एक दिवस कमी करून सांगितलं आहे. बहीण अजून म्हणते, अक्का, तुझ्या हाताला गुण आहे. आणि प्रमिला मान डोलवते.

तर असा माणूस, ज्याचे डोंगळे माझ्यामुळे पोचट गेले, तो सहा वर्षांनी मला मधमाश्यांबद्दल फुकट शिकवायला आला होता. मधल्या काळात त्याने धुळ्याला जाऊन सरकारी प्रशिक्षण घेतलं होतं, वीसेक पेट्या केल्या होत्या, डाळिंबवाले त्याला शोधत यायचे. बोलताना तो हसत होता. मी त्याच्या पायाकडे बघत होतो. चपला काढून बसला होता, म्हणजे घाईत नव्हता.

त्याने सांगितलं ते असं. पेट्या दोघांच्या सामायिक बांधावर ठेवायच्या, तोंड पूर्वेला. जवळ पाण्याची परात, तिच्यात खडे, म्हणजे माश्या बुडत नाहीत. पेटी उगाच उघडायची नाही. फुलं असेतो पंपाला हात लावायचा नाही. हे सांगताना त्याने माझ्याकडे बघितलं, की मलाच तसं वाटलं, देव जाणे. आणि शेवटचं, पेटी एकदा ठेवली की जागची हलवायची नाही. माशी जागा ध्यानात ठेवते, पेटी नाही. फारच अडलं तर रोज हातभर सरकवायची, नाहीतर उचलून एकदम दोन कोस लांब न्यायची. मधलं काही चालत नाही.

तो गेल्यावर प्रमिला म्हणाली, चांगला माणूस आहे. मी म्हणालो, काहीतरी पोटात ठेवलंय त्याने. ती म्हणाली, कशावरून. आता कशावरून म्हणजे काय? मी त्याच्या जागी असतो तर ठेवलं असतं, यावरून.

त्या रात्री मी त्याची प्रत्येक गोष्ट आठवून आठवून तपासली. रविवारी पारोळ्याच्या बाजारात गेलो तेव्हा मधमाश्या पाळणाऱ्या दोघांना गाठून, आपल्याला गरज नसल्यासारखं दाखवून, हेच सगळं विचारलं. दोघांनी शब्दाला शब्द तेच सांगितलं. याने माझा संशय मिटायला हवा होता, पण तो वाढला. तिघं एकच बोलतात म्हणजे तिघांचं संगनमत, किंवा तिघांना एकानेच पढवलेलं. कृषी सहायकाला फोन केला, त्यानेही तेच सांगितलं. मग मात्र मला खात्रीच पटली, की खरी गोष्ट कुणीच सांगत नाही.

पेट्या आल्या. दुसऱ्या दिवसापासून डोंगळ्यांवर माश्यांची अशी गुणगुण सुरू झाली, की मी बांधावर बसून नुसतं ऐकत राहिलो. किती वर्षांनी तो आवाज कानावर पडला होता. खरं सांगायचं तर डोळे भरून आले. आणि डोळे पुसून मी परातीजवळ गेलो, हिलालने पाण्यात काही औषध घातलंय का ते बघायला बोट बुडवून चाखलं. साधं पाणी होतं. पूर्वेलाच तोंड का, म्हणून पेटीला गोल फेरी मारली. खालून वाकून बघितलं. हिलाल लांबून माझ्याकडे बघत होता, त्याने हात वर केला, मीही केला.

सहाव्या दिवशी मला ते सापडलं. माश्या पेटीतून निघाल्या की निम्म्या माझ्या डोंगळ्यांकडे यायच्या आणि निम्म्या बांधाच्या पलीकडे जायच्या. पलीकडे हिलालचं टरबूज फुलावर आलेलं. मी तिथेच मांडीवर थाप मारली. बांधावर ठेवायच्या, म्हणे. हलवायच्या नाहीत, म्हणे. म्हणजे माझ्या डोंगळ्यांच्या नावाखाली स्वतःच्या टरबुजांची सोय, आणि ती मोडू नये म्हणून माशी जागा ध्यानात ठेवते ही थाप. सहा दिवस मी जे शोधत होतो ते समोर होतं. मला राग कमी आला आणि बरं जास्त वाटलं. माणूस माझ्या हिशोबाबाहेरचा नव्हता तर.

प्रमिलेला सांगितलं असतं तर तिने अडवलं असतं, म्हणून सांगितलं नाही. दिवेलागणीला माश्या आत गेल्यावर दोन्ही पेट्यांच्या तोंडाला फडकं कोंबलं, एकेक उचलली आणि दोनशे पावलांवर, माझ्या वावराच्या दुसऱ्या टोकाला, निंबाखाली नेऊन ठेवली. तोंड मात्र पूर्वेलाच ठेवलं. तेवढं ऐकलं.

सकाळी फडकी काढली. माश्या भराभर बाहेर आल्या, डोंगळ्यांवर बसल्या, आणि मी खूश होऊन घरी जेवायला गेलो. दुपारी परत आलो तर निंबाखाली शुकशुकाट. बांधावर गेलो. जिथे पेट्या होत्या तिथे, रिकाम्या दगडांवर, माश्यांचे गठ्ठे बसले होते. एकीवर एक, एकीवर एक. काही हवेत घिरट्या घालत होत्या, बरोबर पेटीच्या तोंडाएवढ्या उंचीवर, आणि तिथे तोंड नव्हतं. मी फडक्याने हाकलायला गेलो तर उडायच्या आणि पुन्हा तिथेच बसायच्या. संध्याकाळी मी धावत जाऊन पेट्या परत बांधावर आणल्या, पण तोवर आतलं बिनसलं होतं. माघातली थंडी, दगडांवरच्या कितीतरी गारठून पेटीत शिरल्याच नाहीत, रात्रीत मेल्या. उरलेल्या तिसऱ्या दिवशी राणीसकट उठून कुठे निघून गेल्या ते मला कळलं नाही. त्या पेट्यांतली सातेरी जातीची माशी तशी लवकर रुसते, हे हिलालने सांगितलं होतं. तेही सांगितलं होतं.

निम्मे गोंडे अजून उमलायचे होते आणि जे उमलले होते त्यांच्यावर एक माशी नव्हती. मी दोन दिवस बांधाकडे फिरकलो नाही. तिसऱ्या दिवशी हिलालच्या घरी गेलो, आणि काय करायला गेलो ते ऐका. भांडायला गेलो. त्याची बायको रत्ना अंगणात कपाशीच्या काड्यांच्या पेंढ्या बांधत होती, तिने खाट टाकली, पाणी दिलं. मी पाणी न पिताच हिलालला म्हणालो, की तू मला एक गोष्ट सांगितली नाहीस.

हिलालने माझ्याकडे नीट बघितलं. मग हळू आवाजात विचारलं, "आबा, पेटी हालाडी का तुम्ही?"

मी म्हणालो, टरबुजांसाठी तू त्या बांधावर ठेवल्यास. तो म्हणाला, हो, त्यांच्यासाठी पण ठेवल्या, आणि हे पहिल्याच दिवशी ओट्यावर सांगितलं होतं, तुमचंही होईल आणि माझंही होईल असं म्हणालो होतो. मला ते काही केल्या आठवेना. मी त्या वेळी त्याच्या चपलांकडे बघत असणार. रत्ना काड्या बांधायची थांबली होती. तिच्या टरबुजांनाही आता माश्या नव्हत्या, हे माझ्या तिथे लक्षात आलं.

"बठ्ठं सांगं तुम्हले," हिलाल म्हणाला. "एक बी गोट मांगे ठेवी नही."

मग मी ते विचारलं जे इतके दिवस पोटात होतं. म्हणालो, माझ्यामुळे तुझे डोंगळे गेले हे तुला माहीत होतं ना? तो म्हणाला, हो. धुळ्याच्या प्रशिक्षणात पहिल्या दिवशी पहिल्या तासाला शिकवणाऱ्या बाईंनी फळ्यावर पहिली ओळ लिहिली, फुलात फवारा मारू नये. तिथे चाळीस माणसं होती, नंदुरबारपासून आलेली, बहुतेकांना ते आधीच ठाऊक होतं. त्याने वहीत लिहून घेतलं, एवढंच. मी काय सांगू तुम्हाला, ती तर माझ्या बापाने मला कानात सांगितलेली गोष्ट. मी ती शहरात नोकरीला असलेल्या मुलालाही त्याच्या लग्नानंतर सांगितली होती.

"मंग माले कसाले सांगं तू?" मी विचारलं. "मन्ही खोड मोडानी व्हती तं गप्प बसता."

हिलाल थोडा चिडल्यासारखा झाला. म्हणाला, यात तुमचा एकट्याचा काय संबंध. "मन्या माश्या कोसभर फिरतस. कोन्हीबी फवारा मारा तं मन्याच मरतीन. बठ्ठास्ले सांगनंच पडस, आबा. तुम्हले तं सगळ्यास्ना मांगून सांगं."

सगळ्यांच्या शेवटी मला सांगितलं होतं. का, ते मी विचारलं नाही. तो का सांगतो हे कळल्यावर मात्र मला त्याच्यावर पहिल्यांदा विश्वास बसला. स्वतःसाठी सांगत होता. हे आधी कळलं असतं तर मी पेट्यांना हात लावला नसता, आणि हे त्याने आधी सांगितलं होतं.

बाकीच्या पेट्या डाळिंबांवर साक्रीकडे गेलेल्या, महिनाभर परत येणाऱ्या नव्हत्या. हिलालने एकच उपाय सांगितला. हाताने करायचं. सकाळी दहापासून दुपारपर्यंत गोंड्यावरून मऊ फडकं हलकेच फिरवायचं, मग दुसऱ्या गोंड्यावरून, असं एकाआड एक दिवस, फुलं संपेपर्यंत. दोन गुंठ्यांत हजारो गोंडे. आम्ही म्हातारा-म्हातारी किती करणार? मजुरीला बाया मिळेनात, त्या दिवसांत सगळ्या हरभऱ्यात गुंतलेल्या. रत्नाने बचत गटातल्या सहा जणींना विचारलं. त्या यायला तयार झाल्या. मजुरी नको म्हणाल्या. बी कसं धरायचं ते शिकवा म्हणाल्या, आणि बी निघालं की प्रत्येकीला मूठभर द्या.

मी एक रात्र मागून घेतली. प्रमिला म्हणाली, विचार कसला करता. मी म्हणालो, चार पिढ्यांचा करतोय. पण पहाटेपर्यंत माझ्या एक ध्यानात आलं, की वांझोट्या गोंड्यांबरोबर माझी विद्याही वांझोटी जाणार. कांदाच उरला नाही तर ती कशासाठी राखायची?

दुसऱ्या दिवशी बांधावर सहा जणी बसल्या, रत्ना सातवी. मी सांगायला लागलो. आणि या वेळी सगळं सांगितलं. फुलात फवारा नको हे तर सांगितलंच, पण आजोबांची खरी मेख, जी कुठल्या फळ्यावर लिहिलेली नसेल, तीही सांगितली. कांदा नुसता दिसायला चांगला बघायचा नाही. चाळीत सगळ्यात खाली, दाबात आणि उकाड्यात पडलेल्यांतला जो दिवाळीला टणक निघेल तोच बियाण्याला घ्यायचा. वरचा, हवेशीर ठिकाणचा देखणा कांदा खाऊन टाकायचा. आयुष्यात पहिल्यांदा पोटात काही शिल्लक राहिलं नाही, आणि मोकळं वाटण्याऐवजी मला भीती वाटली.

मंदाबाई त्यांच्यात वयाने मोठी, तिने पदर सारखा केला आणि विचारलं, "आते जे सांगं नही, ते कव्हय सांगशात, आबा?"

मी म्हणालो, सांगायचं काही राहिलं नाही. तिने समजुतीने मान हलवली. बाकीच्या एकमेकींकडे बघून हसल्या, रत्ना हसली नाही. मी प्रमिलेकडे बघितलं, तिने तरी साक्ष द्यावी म्हणून. ती गोंड्यांकडे बघत होती.

तीन आठवडे त्या आल्या. काम मनापासून केलं, पण लक्ष सगळं माझ्यावर. मी फडकं डाव्या हातात घेतलं की दोघी तिघी डाव्या हातात घ्यायच्या. एकदा उसाचं कांडं चघळत सऱ्यांतून फिरलो, तर दुसऱ्या दिवशी मंदाबाई ऊस घेऊन आली. मी सांगून बघितलं, की अगं, मला आवडतो म्हणून खातो. ती म्हणाली, हो आबा.

चैत्रात गोंडे वाळले, खुडले, चोळले, पाखडले. बी निघालं. काळंभोर, टपोरं, पूर्वीएवढं नाही पण दोन पायल्यांच्या आसपास, आणि पाण्यात टाकलं तर तळाला जाणारं. आजोबांचा कांदा वाचला. मी खळ्यात बसून ओंजळ भरून नाकाजवळ नेली आणि मला रडू आलं, सगळ्यांसमोर आलं.

मग वाटणी केली. मागितलं होतं मूठभर, पण मी सात वाटे समान केले, आठवा माझा, तोही तेवढाच, मुद्दाम तेवढाच ठेवला. एकेकीने आपापला वाटा रुमालात घेतला. रत्ना शेवटी राहिली. तिच्यासमोर दोन ढीग उरले होते, तिचा आणि माझा. तिने आपल्यातलं चिमूटभर तळहातावर घेऊन बघितलं, मग माझ्या ढिगाकडे बघितलं. माझ्या ढिगात काहीतरी जास्त आहे असं तिला वाटत होतं. मला कळलं. मी माझा ढीग तिच्याकडे सरकवला आणि तिचा माझ्याकडे ओढला.

म्हटलं, हा घे, दोन्ही एकाच सुपातले आहेत.

तिने तो रुमालात भरायला घेतला. भरता भरता तिचा हात थांबला. इतक्या सहज मी तो देऊन टाकला, हे तिच्या ध्यानात आलं होतं. ती मान वर करून माझ्या हाताकडे बघू लागली, मग माझ्या पायाकडे. तिच्या जागी मी असतो तर मीही तेच केलं असतं. मी उठलो आणि दोन्ही ढीग तिच्यापुढे ठेवून खळ्याच्या बाहेर जाऊन उभा राहिलो, तिला जो हवा तो तिने घ्यावा म्हणून. बराच वेळ ती बाहेर आली नाही.